विहिरीचे पाणी आणि मापाची पावडर

पहिले पाऊस झाले की गावची विहीर भरू लागते. पाणी हाताशी येते, दोर आखूड पुरतो आणि उन्हाळाभर पायपीट केलेल्या गृहिणींना हायसे वाटते. परंतु अतिसार, कावीळ, विषमज्वर हे आजारही याच दिवसांत डोके वर काढतात. उकिरड्यावरची व शिवारातली घाण पावसाबरोबर विहिरीत उतरते. चार दिवसांत गाळ तळाशी बसतो, पाणी नितळ दिसू लागते आणि लोक ते निःशंक मनाने पितात.

नितळ पाणी शुद्धच असते, हा समज फार जुना आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसे दगावली. तेथून दूर राहणारी एक महिला केवळ चव आवडते म्हणून त्या रस्त्यावरील पंपाचे पाणी मागवीत असे. तीही या रोगाने मरण पावली. डॉ. जॉन स्नो यांनी अशा नोंदी गोळा करून रोगाचे मूळ त्या पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखविले. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत.

मात्रा किती?

विहिरीच्या शुद्धीकरणासाठी टी. सी. एल. पावडर वापरतात. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. अशी पावडर साधारणतः दर १,००० लिटर पाण्यास अडीच ग्रॅम लागते. पाणी किती आहे हे मोजणे सोपे आहे. विहिरीचा व्यास आणि दोराला दगड बांधून काढलेली पाण्याची खोली मीटरमध्ये घ्यावी. व्यासाला व्यासाने, मग खोलीने व ३.१४ ने गुणून चाराने भागावे. आलेल्या घनमीटरांना १,००० ने गुणले की लिटर मिळतात.

समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर आहे. मे महिन्यात पाणी २ मीटर खोल असेल, तर ते सुमारे २५,००० लिटर भरते व त्यास ६३ ग्रॅम पावडर पुरते. ऑगस्टमध्ये पाणी ८ मीटरवर गेले की तीच विहीर सुमारे १,००,००० लिटर पाणी धरते आणि पावडर २५० ग्रॅम लागते. बारमाही एकाच अंदाजाने पावडर टाकणाऱ्या गावात, धोका सर्वांत मोठा असतानाच मात्रा सर्वांत अपुरी पडते.

टाकण्याची रीत

कोरडी पावडर विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून बादली पाऊण भरावी व ढवळून पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी. ही बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवावी, म्हणजे औषध सर्वत्र मिसळते. त्यानंतर एक तास पाणी भरू नये. रात्री पाणी भरणे थांबल्यावर हे काम करणे सोयीचे ठरते. पाणी गढूळ असेल तर बराचसा क्लोरिन घाणीतच खर्ची पडतो. तेव्हा मात्रा वाढवावी लागते. उघड्या अथवा दमट जागी ठेवलेल्या पावडरीचा जोरही ओसरतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी.

खात्री

पावडर टाकली, एवढ्याने काम संपत नाही. तासाभराने ओ. टी. चाचणी घ्यावी. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे असे समजावे. रंग न आल्यास पुन्हा मात्रा द्यावी. साथीच्या काळात लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा. चाचणीचा नमुना मात्र पिऊ नये; तो ओतून द्यावा.

शाळेतील गणिताच्या तासाला गावच्या विहिरीचे माप घेता येईल. पाण्याच्या प्रत्येक मीटर खोलीस किती पावडर लागते, हा आकडा विहिरीच्या कठड्यावर रंगवून ठेवता येईल. ग्रामपंचायतीने रोजची मात्रा आणि चाचणीचा निकाल नोंदवहीत लिहिला, तर साथ येण्यापूर्वीच तिची वाट अडविता येईल.