ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा

प्रश्न : पुण्याच्या गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयावरून माझे नित्य जाणे-येणे असते. ख्रिस्ती लोक नेमके काय मानतात?

उत्तर : परमेश्वर एकच असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य आहे, आणि पापामुळे दुरावलेल्या मानवाला परत जवळ घेण्यासाठी त्या पुत्रानेच येशूच्या रूपाने नरदेह धारण करून क्रुसावर प्राण अर्पिला व तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, ही श्रद्धा या धर्माचा पाया होय. 'अवतार' या आपल्या परिचित शब्दाने हे समजू पाहणाऱ्याने एवढे ध्यानी धरावे की, येथे देहधारणा एकदाच घडते, आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, हे पुण्यसंचयाचे वेतन नसून निव्वळ कृपेचे दान असते. मला स्वतःला हाच मर्मबिंदू वाटतो.

हा विश्वास पुण्याला नवखा नाही. पेशवे सरकारने १७९२ साली आपल्या लष्करातील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी जमीन दिली होती. पुढे पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगावी मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून बायबल सुबोध मराठीत आणले. आपण बायबलच्या वाचनाचा आरंभ मात्र त्यातील मार्ककृत शुभवर्तमानापासून करावा. त्याचे अध्याय सोळाच आहेत.