ऑइल गळते कुठून, ते आधी शोधा



विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हात घालायला आपल्यापैकी कोणी कचरत नाही. पण दारातल्या मोटारीखाली ऑइलचा डाग दिसला की आपण लगेच फिटरकडे धावतो. यंदा उन्हाळ्यात आम्ही कर्जतला पाहुण्यांकडे गेलो होतो. त्यांच्या जुन्या पंधराशे सी.सी. अँबॅसॅडरमधून दुसऱ्या दिवशी खोपोलीवरून बोरघाट चढायचा बेत होता. खोपोली ते खंडाळा ही जवळपास पाचशे मीटरची चढण. 1863 पासून घाटातून रेल्वे धावते, तिच्या अनेक गाड्यांना आजही कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात! अशा चढावर ऑइल कमी पडले तर बेअरिंग गेलीच समजा. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल ठिबकले तर आगीचंही भय.

पाहुणे म्हणाले, "अहो, महिन्यापूर्वी चेंबरचं पॅकिंग बदलून आणलंय, तरी थेंब पडतोच."

मेख तिथेच होती. ऑइल वरून ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते आणि थेंब मात्र चेंबरखाली पडतो. आम्ही थंड इंजिन डिझेलच्या चिंधीने पुसले, कोरडे केले, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा मिनिटे गाडी चालू ठेवली. पावडर भिजली ती वर, टॅपेट कव्हरच्या कडेला. म्हणजे चेंबरचा खर्च फुकट गेला होता.

ह्या इंजिनाचे टॅपेट कव्हर वरच्या दोन नटांवर बसते. इंजिन पुरते निवल्यावर नट काढून कव्हर अलगद उचलावे. जुने कॉर्क लाकडी पट्टीने खरवडावे, स्क्रू ड्रायव्हरने नको, कडेला चरे पडतात. तुकडे आत पडू नयेत म्हणून रॉकरवर स्वच्छ फडके टाकावे, आणि नंतर ते काढायला विसरू नये! नवे पॅकिंग कव्हरच्या बाजूलाच चिकटवावे, हेडची बाजू कोरडी ठेवावी. नटांखालचे रबरी वायसर कडक झाले असतील तर तेही बदलावेत. मग दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. जोर लावाल तर कॉर्क चिरडून बाहेर येईल आणि गळती पहिल्यापेक्षा वाढेल. आधी कोणीतरी नेमके तेच केले होते.

आणखी एक. कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी श्वासाची नळी काजळीने तुंबली होती. ती तुंबली की आतला दाब ऑइलला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो, मग पॅकिंग कितीही नवे घाला. नळी धुऊन घेतली.

हेड गॅस्केटचं मात्र निराळं आहे. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, पाणी कारण नसता कमी होऊ लागले, तर घाटाचे नाव काढू नये. हेड वाकले आहे का ते सरळ पट्टीने तपासावे लागते, आणि नट मधून कडेकडे, ठरल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावे लागतात. पाना नाही त्याने जाणत्या फिटरकडेच जावे.

दुसऱ्या दिवशी खंडाळ्याला गाडी थांबवून बॉनेट उघडले. टॅपेट कव्हर कोरडे ठणठणीत होते. बाजूच्या छोट्या कव्हरखाली एक थेंब लोंबत होता. पाहुणे म्हणाले, "ते आता दिवाळीला बघू."