तोतरं बोलणाऱ्या लहानग्यासाठी पाच मिनिटं

तीन वर्षांचं चुरूचुरू बोलणारं मूल एके सकाळी ‘आ-आ-आ-आई’ करू लागलं की घर हादरतं. कुणी वेखंड चाटवतं, कुणी जिभेखालची दोरी कापायला सांगतं. यातलं काही करू नका. तोतरेपणाचा त्या दोरीशी संबंध नाही, आणि आईच्या हातून काही चुकलं म्हणूनही तो येत नाही. पुष्कळदा तो घराण्यातच असतो.

आधी आठवडाभर नुसतं ऐका. ‘मला मला चॉकलेट’ असं या वयात बहुतेक मुलं बोलतात. पण ‘म-म-म-मला’, ‘स्स्स्साखर’, किंवा ओठ ताणलेत, डोळे मिटलेत आणि आवाजच फुटत नाही, हे तोतरेपण. रोज रात्री कॅलेंडरवर आकडा लिहा: अजिबात नसेल तर 0, अतिशय असेल तर 9. एखादा दिवस वाईट गेला म्हणून घाबरू नका, चढउतार होतातच.

मग आठवड्यातून चार-पाच दिवस, पाच मिनिटं फक्त त्याची. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुम्ही जमिनीवर. खेळ त्याने निवडायचा. ‘हा रंग कोणता? हे काय?’ असे प्रश्न नकोत. जे चाललंय तेच सावकाश बोला. ‘गाडी... पुलाखाली गेली.’ त्याचं वाक्य संपलं की मनात दोन आकडे मोजा, मगच तोंड उघडा. हे वाटतं त्याहून फार अवघड आहे. पहिले काही दिवस तुम्ही मध्येच बोलाल. बोला, आणि पुन्हा मोजा.

‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असं सांगू नका. हळू व्हायचंय ते आपण. शब्द अडकला तर तो पुरा करू नका, त्याच्याकडे बघत थांबा. तो रडवेला झालाच तर म्हणा, ‘अडकला ना शब्द? असू दे, मी ऐकतेय.’ आजी-आजोबांनाही हे समजवा. पाहुण्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ तूर्त बंद.

बहुतेक मुलांचं तोतरेपण आपोआप जातं. पण सहा महिने उलटले, घरात कुणी मोठेपणीही तोतरं बोलतं, किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर वाट बघू नका, स्पीच थेरपिस्ट गाठा. मुंबईकरांना त्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण संस्था आहे. सिडनीत तयार झालेल्या ‘लिडकम’ पद्धतीत आईबाबाच घरी उपचार करतात: सुरळीत वाक्य आलं की ‘वा, किती छान सरळ बोललास!’ मात्र ही दाद कधी, किती द्यायची हे दर आठवड्याला थेरपिस्टकडून शिकावं लागतं. ऐकीव माहितीवर सुरू करू नका.

पहिल्या भेटीला ते कॅलेंडर न्या, आणि खेळताना मोबाइलवर घेतलेलं दोन मिनिटांचं चित्रण. अनोळखी खोलीत मूल अनेकदा एकदाही अडखळत नाही.