दलाल काढला, पण भाडेकरूला कळवले का?

अंधेरी, घाटकोपरकडे ज्यांचे गाळे भाड्याने दिलेले आहेत, असे आपले अनेक बंधू भाडेवसुली दलालावर सोपवतात. दलालाने भाडे खाल्ले की त्याला काढून टाकतात आणि प्रश्न मिटला असे समजतात. इथेच फसगत होते.

१८७२ च्या करार कायद्यातील कलम २०८ चे उदाहरण आपल्याच धंद्यातले आहे. मालक मद्रासला, कापूस मुंबईच्या गोदामात. मालकाने पत्राने दलालाला विक्रीचा अधिकार दिला, दुसऱ्या पत्राने काढून घेतला. तरीही दलालाने माल विकला आणि पैसे घेऊन पळाला. गिऱ्हाइकाला दुसऱ्या पत्राची खबर नव्हती; म्हणून त्याने दिलेले पैसे मालकाला पोहोचले, असेच कायदा मानतो. भाड्याच्या पैशालाही हेच तत्त्व लागू पडते.

तेव्हा दलालाला काढताच भाडेकरूला लेखी कळवावे व पोच घ्यावी. दलालाकडे हिशेब मागावा. कलम २१३ प्रमाणे तो देणे त्याला भाग आहे. करारनामा लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे, दलालाची नव्हे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते.