विजेच्या कडकडाटात घरातील माणसांचे रक्षण

वैनगंगेच्या खोऱ्यातील गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, दुपार कलल्यावर, एकाएकी आभाळ भरून येते. वायव्येकडील कोरडी, तापलेली हवा व बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा यांची या प्रदेशावर गाठ पडते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. या ढगांत बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो व तो विजेच्या रूपाने जमिनीवर उतरतो. पुढे रोवणीच्या दिवसांत व परतीच्या पावसातही हे संकट असतेच. अशा वेळी बांधीतील काम सोडून घर गाठणे हे शहाणपणाचे होय. परंतु घरात पाऊल ठेवताच सर्व भय सरले, असा समज करून घेणे योग्य नाही.

एका घराचे उदाहरण

उदाहरणादाखल तिरोडा भागातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घर कवेलूचे, समोर ओसरी. अंगणात मोहाचे उंच झाड असून त्याच्या बुंध्यापासून ओसरीच्या खांबापर्यंत कपडे वाळविण्याची तार बांधलेली आहे. मोहाखाली बैलजोडी बांधली आहे. सासरे खांबाला टेकून बसले आहेत. मुलगी लोखंडी नळावर भांडी घासत आहे. मुलाच्या हातातील मोबाइल चार्जरला जोडलेला आहे.

वीज चमकते. घरातील सून मनातल्या मनात सेकंद मोजू लागते. नऊ सेकंदांनी गडगडाट ऐकू येतो. आवाजास एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज तीन किलोमीटरवर पडली. "मामाजी, खांबापासून उठा, आत या," असे ती सासऱ्यांना सांगते, मुलीस नळावरून बोलाविते व मुलास मोबाइल खाली ठेवावयास लावते. सर्वजण मधल्या खोलीत, भिंतीपासून दूर बसतात. बैल सोडण्यासाठी बाहेर निघालेल्या नवऱ्याची मात्र तिला वाट अडवावी लागते. त्या जोडीवर सगळी शेती उभी असल्याने त्याचा पाय घरात ठरत नाही. एवढ्यात डोळे दिपविणारा प्रकाश व कानठळ्या बसविणारा आवाज एकदमच होतात. मोहाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलून निघते, ओसरीचा खांब तडकतो, दिवे फुटतात. एक बैल जागीच गतप्राण होतो. माणसे मात्र सर्व वाचतात.

असे का घडते ?

विजेच्या एका लोळातून सुमारे 30,000 अँपिअर प्रवाह वाहतो व त्याच्या वाटेवरील हवा सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. हा प्रवाह झाडावरून जवळच्या वस्तूवर उडी घेतो, तारेने व नळाने घरात शिरतो आणि जमिनीतून चहूकडे पसरतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्यामुळे जमिनीतील प्रवाह त्याच्या शरीरातून, हृदयाजवळून जातो; म्हणूनच झाडाखाली बांधलेली जनावरे हटकून बळी पडतात. वरील घरात सासरे तारेच्या टोकाशी, मुलगी नळाच्या वाटेवर व मुलगा घरातील विजेच्या तारांशी जोडलेला होता. तिघेही वेळीच त्या वाटांवरून बाजूला झाले, हेच त्यांच्या बचावाचे कारण होय.

मोबाइल वीज ओढून घेत नाही. धोका आहे तो चार्जरच्या तारेचा. अंगणात कोयता किंवा पहार फेकल्याने वीज टळत नाही. मात्र ती फेकण्यास बाहेर गेलेला माणूस प्राणास मुकू शकतो.

आधी करावयाची कामे

1. कपड्यांची तार झाडाला किंवा घराला न बांधता दोरी वापरावी.
2. आभाळ भरू लागताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वी, जनावरे झाडाखालून गोठ्यात न्यावीत व टीव्ही, मोटार यांची जोडणी काढून ठेवावी.
3. चमक व गडगडाट यांत 30 सेकंद किंवा कमी अंतर असल्यास तत्काळ आत जावे; शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये.
4. कच्च्या घरापेक्षा पक्की इमारत अधिक सुरक्षित असते. ती जवळ असल्यास वादळापूर्वीच तेथे जावे.
5. शाळा व ग्रामपंचायतीच्या इमारतींवर जाणकाराकडून वीजवाहक बसवून घ्यावा व त्याची जमिनीतील जोडणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेल्या 'दामिनी' या मोबाइल ॲपवरून परिसरातील विजांची सूचना मिळते. गावातील निदान काही तरुणांच्या मोबाइलवर ते असावे, असे ग्रामकार्यकर्त्यांनी पाहावे.

वीज लागलेल्या माणसास साहाय्य

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास हात लावण्यास भिऊ नये. काही ठिकाणी अशा माणसास शेणात किंवा चिखलात पुरतात. त्यात मोलाचा वेळ जातो व प्राणही जातो. श्वास थांबला असल्यास त्यास सुरक्षित जागी उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा व दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदत येईपर्यंत दाब थांबवू नये. अनेक जण जखमी असल्यास, जो निपचित पडला आहे त्याच्याकडे प्रथम धावावे; विजेने थांबलेले हृदय अशा उपचाराने पुन्हा सुरू होऊ शकते. माणूस किंवा जनावर दगावल्यास तहसील कार्यालयास विनाविलंब कळवून पंचनामा करून घ्यावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वस्तीत एक बैठक घेऊन सेकंद मोजण्याची रीत व छातीवर दाब देण्याची कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. बैठकीस स्त्रिया व मुले यांना आवर्जून बोलवावे. वीज कडाडते तेव्हा घरात बहुधा तीच असतात, आणि योग्य वेळी योग्य शब्द उच्चारण्याचे काम त्यांच्यावरच येऊन पडते.