साडेतीन हात जमीन



पाहुणे आले की आपण त्यांना सेवाग्रामला नेऊन बापूकुटी दाखवतो. त्या कुटीतील जीवनावर एका रशियन कादंबरीकाराचाही प्रभाव होता, हे मात्र सांगायचे राहून जाते.

लिओ टॉलस्टॉय (१८२८–१९१०) हे मोठे जमीनदार. ‘युद्ध आणि शांती’ व ‘अॅना कॅरेनिना’ या कादंबऱ्यांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. तरीही, मरण अटळ असताना या सगळ्याला अर्थ काय, या प्रश्नाने पन्नाशीत त्यांना घेरले. उत्तर शोधता शोधता ते प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले (मत्तय, अध्याय ५ ते ७). वाइटाची फेड वाइटाने करू नये, ही शिकवण अक्षरशः पाळायची, असे त्यांनी ठरवले. त्यांनी स्वतः नांगर धरला, जोडे शिवले.

त्यांचे ‘देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे’ हे पुस्तक १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी वाचले. १९१० साली जोहान्सबर्गजवळ ‘टॉलस्टॉय फार्म’ उभा राहिला. १९३६ साली गांधीजी आपल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. शरीरश्रम हे तिथले व्रत होते. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी तिथे स्वतःच्या हातांनी केली.

टॉलस्टॉयची सर्वच मते आपण स्वीकारू शकत नाही. ख्रिस्ताचे देवत्व आणि पुनरुत्थान त्यांनी नाकारले. १९०१ साली रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने त्यांना आपल्यातून वगळले. जगाला प्रेम शिकवणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र शांती नव्हती. ८२व्या वर्षी ते रात्रीच घर सोडून निघाले आणि पत्नीशी समेट न होताच एका लहान रेल्वे स्टेशनवर वारले. देवाच्या कृपेवाचून हे प्रवचन न पेलणारे ओझे होते, हे इथे दिसते.

पण ते प्रवचन आपण तरी किती मनावर घेतो? टॉलस्टॉयच्या एका कथेतील शेतकऱ्याला, सूर्य मावळेपर्यंत जेवढी जमीन फिरून येशील तेवढी तुझी, असे सांगतात. लोभाने तो इतका धावतो की परत येताच कोसळतो. शेवटी त्याला पुरण्यापुरतीच जमीन लागते. पवनारच्या विनोबांनी १९५१ पासून गावोगाव पायी फिरून भूमिहीनांसाठी जमीन मागितली. आणि आपल्याकडे धुऱ्याच्या दोन हातांसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतात, मिस्सेला येऊनही एकमेकांशी बोलत नाहीत.

या आठवड्यात मत्तय ५:२३-२४ कुटुंबात मिळून वाचू या. वेदीपाशी अर्पण आणण्याआधी कोणाच्या दारी जायला हवे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे, आणि पुढच्या रविवारच्या आत जाऊन यावे.