वाडीच्या विहिरीत वाळू का येते?



अलिबाग तालुक्यात थळ, वरसोलीपासून आक्षी, नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंत समुद्राकाठच्या बहुतेक वाड्यांना घरची विहीर आहे. तेच पाणी घरात पिण्याला, तेच नारळ-सुपारीला आणि तेच परसातल्या भाजीला. मार्च उलटला की यातील बऱ्याच विहिरींची एकच तक्रार सुरू होते. हंड्याच्या तळाशी रेती बसते, फुटव्हॉल्व्ह नीट मिटत नाही, पंपाचा इम्पेलर दोन हंगामांत झिजतो आणि ठिबकच्या तोट्या बंद पडतात. मग मजूर लावून विहिरीतील वाळू काढली जाते. पुढच्या वर्षी तितकीच वाळू पुन्हा हजर असते, आणि कोणीतरी सल्ला देतो की विहीर आणखी चार फूट खोल करा. हा सल्ला मानण्यापूर्वी पुढील मजकूर अवश्य वाचावा.

आपल्या वाड्यांतील जुन्या विहिरी रहाटासाठी बांधलेल्या आहेत. बैल फिरे, माळेवरचे लोटे एकेक करून वर येत आणि पाटात रिते होत. उपसा दिवसभर चाले, पण संथ. विहिरीतील पाणी जेवढे खाली जाई, जवळपास तेवढे झऱ्यांतून भरून येई. आज त्याच विहिरीवर विजेचा पंप बसला आहे. वाळूच्या तक्रारीचे मूळ बहुतेक ठिकाणी या बदलात आहे.

थोडा हिशेब करू. १० फूट (३ मीटर) व्यासाच्या विहिरीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर भरते. पंप तासाला १८,००० लिटर पाणी फेकत असेल आणि पाणी मुख्यत्वे तळातून येते असे धरले, तर पातळी टिकण्यासाठी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तासाला सुमारे २,५०० लिटर पाणी वर यावे लागेल. तेवढे ते येत नाही, म्हणून पातळी झपाट्याने खाली जाते. बाहेरच्या वाळूत पाणी उंच आणि विहिरीत खोल, असा फरक पडतो व बाहेरचे पाणी जोराने तळातून वर उसळते. हा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाळूच्या कणांचे वजन पाण्यावर तोलले जाते आणि तळ भात शिजल्यासारखा खदखदू लागतो. ही खदखद थांबेपर्यंत वाळू काढून उपयोग नाही.

प्रथम वाळू कोठून येते ते ठरवावे. पंप सुरू करताच पहिल्या मिनिटाचे पाणी एका पांढऱ्या बादलीत, पंधरा मिनिटांनी दुसऱ्या बादलीत आणि बंद करण्यापूर्वी तिसऱ्या बादलीत घ्यावे. दहा मिनिटे स्थिर ठेवून तळ पाहावा. फक्त पहिल्या बादलीत वाळू असेल तर ती नळीत व फुटव्हॉल्व्हभोवती साचलेली आहे; फुटव्हॉल्व्ह वर उचलला तरी पुरते. तिसऱ्या बादलीत जास्त असेल तर पातळी खाली गेल्यावर तळ किंवा बांधकामाचे सांधे वाळू सोडत आहेत. पावसाळ्यातच गढूळ पाणी येत असेल तर दोष वरचा आहे. कठड्याभोवतीचे पाणी आत मुरते, तेथे बाहेर उतार असलेला ओटा करावा.

नंतर वाळू वाळवून हातावर घ्यावी. फिकट, गुळगुळीत, शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू पुळणीच्या थरातली असते. काळसर व टोकदार कणी झिजलेल्या काळ्या खडकाची, म्हणजे विहीर मुरमापर्यंत पोचलेली आहे. तांबडे कण बहुधा जांभ्याच्या चिऱ्यांतून किंवा वरच्या मातीतून सुटतात. पांढरट कणांवर फरशी धुण्याच्या आम्लाचा थेंब टाकल्यास शिंपला फसफसतो. मात्र जुन्या दरजांतील चुनाही फसफसतो, हे लक्षात असू द्यावे.

आता आपल्या विहिरीची आवक मोजावी. यास दोरी, दगड आणि घड्याळ एवढेच लागते. पंप बंद करताच पाण्याची पातळी दोरीने मोजावी व अर्ध्या तासाने पुन्हा मोजावी. वरील विहिरीत अर्ध्या तासात पाणी १५ सेंटिमीटर चढले, तर आवक तासाला सुमारे २,१०० लिटर झाली. पंप १८,००० लिटर ओढतो आणि विहीर २,१०० देते! पण हीच विहीर संथ उपशाने दिवसरात्रीत ५०,००० लिटरच्या आसपास देऊ शकते. नारळाच्या एका झाडास उन्हाळ्यात ठिबकने रोज ४० लिटर धरले, तर १०० झाडांना ४,००० लिटर पुरतात. म्हणजे पाणी कमी नाही, आपली घाई जास्त आहे.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. दोन तास सलग पंप चालविण्याऐवजी सकाळी, दुपारी व सायंकाळी थोडा थोडा चालवावा. जमिनीवरचा सेंट्रिफ्युगल पंप असल्यास डिलिव्हरीच्या बाजूचा व्हॉल्व्ह निम्मा दाबून प्रवाह कमी करावा. सक्शनच्या बाजूला मात्र कधीही दाबू नये, पंप हवा धरतो. नवीन पंप घ्यावयाचा झाल्यास आवक मोजून लहान पंप घ्यावा. शेजाऱ्याने पाच अश्वशक्तीचा घेतला हे काही कारण नव्हे. फुटव्हॉल्व्ह तळापासून किमान दोन-तीन फूट वर टांगावा. विहिरीत बुडवून ठेवण्याचा पंप असल्यास तो वाळूवर न टेकविता चौथऱ्यावर किंवा घोडीवर ठेवावा.

फुटव्हॉल्व्हला मच्छरदाणीचे कापड बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. मीही घरी एकदा ती केली. तीन दिवसांत कापड गच्च बसले, पंप कोरडा चालला आणि सील जळाले. गाळण असेल ती विहिरीच्या तळाशी असावी, नळीच्या तोंडाशी नव्हे.

तळाची गाळण

पाणी तळातून वर येते, म्हणून या गाळणीचे थर उलटे असतात: बारीक खाली, जाड वर. पुळणीची वाळू बारीक असते, त्यामुळे सर्वांत खाली १ ते २ मिलिमीटर जाडीची धुतलेली जाड रेती, तीवर ५ ते ८ मिलिमीटरची बारीक खडी आणि सर्वांत वर २० ते २५ मिलिमीटरची खडी घालावी. प्रत्येक थर १५ सेंटिमीटरचा असावा. १० फुटी विहिरीस तिन्ही मिळून एक ब्रासपेक्षा थोडी जास्त खडी-रेती लागते. एका थराचे कण खालच्या थराच्या चार-पाच पट असावेत, हे यामागील सूत्र आहे. अनेक जण एकदम मोठी खडी ओततात. तिच्या फटींतून वाळू आरामात वर येते आणि खडी हळूहळू वाळूत बुडते. जांभ्याचा चुरा वापरू नये, त्यातून लाल माती सुटत राहते. खडी गोड्या पाण्याने धुऊनच घालावी.

हे काम मेच्या उत्तरार्धात, पाऊस लागण्यापूर्वी करावे. तळ सपाट करावा, पण बांधकामाच्या पायाखाली खणू नये. विहीर पूर्ण कोरडी करण्याचा हट्ट धरू नये. तळ खदखदत असताना घातलेले थर एकमेकांत मिसळतात. दोन-तीन फूट पाणी ठेवून घमेली दोरीने तळाशी सोडून सावकाश रिती करावीत.

काही जण जुन्या विहिरीत सिमेंटच्या कड्या उतरवितात. बांधकाम ढासळले असेल तर हा उपाय योग्य आहे. कडी आणि जुना चिरा यांमधील पोकळी खडीने भरावी. परंतु १० फुटांची विहीर ५ फुटांची केली की तळाचे क्षेत्र चौथाई होते आणि त्याच पंपाने पाण्याचा जोर चौपट होतो. कड्या टाकल्यावर वाळू वाढली, अशी तक्रार येते ती यामुळे.

विहीर खोल का करू नये

कुलाबा किल्ल्याला भरतीच्या वेळी चहूबाजूंनी समुद्राचा वेढा असतो, तरी आत गोड्या पाण्याची विहीर आहे. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने किनाऱ्यावरील जमिनीत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गाईबेन व हर्झबर्ग या शास्त्रज्ञांनी शंभरावर वर्षांपूर्वी मांडलेला नियम असा की, वाळूत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल तर त्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ती पातळी कायम १ फूट उतरली, तर खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू शकते. अलिबागेस वर्षाचा दोन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक सर्व जून ते सप्टेंबरात पडतो. पुढचे आठ महिने हीच शिल्लक आपण खातो. खोल केलेली विहीर आणि मोठा पंप मिळून एप्रिल-मेमध्ये मचूळ पाणी वर आणतात. माड ते काही काळ सोसतो, सुपारी सोसत नाही, आणि भातानंतर घेतला जाणारा पांढरा कांदा क्षारांना फारच नाजूक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर पडलेल्या झाडांच्या जागी ज्यांनी नवी रोपे लावली, त्यांना उन्हाळी पाण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांनी तरी जानेवारी व मे अखेर पाण्याचा नमुना तपासून क्षारांची नोंद ठेवावी.

एक ब्रास वाळू विहिरीतून निघाली म्हणजे १०० घनफूट माल कोठून तरी आला. तो चिऱ्यांच्या मागून आला असेल तर तेथे तेवढी पोकळी झाली आहे. ओट्याला तडा, कठडा एका अंगाला कललेला, विहिरीभोवती जमिनीत खळगा, यांपैकी काहीही दिसल्यास पंप थांबवावा, मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि कोणासही आत उतरवू नये. आधी अनुभवी गवंड्यास वरूनच दाखवावे.

चांगल्या विहिरीतही उतरण्यापूर्वी कंदील पेटवून पाण्यापर्यंत सोडावा. तो मंदावला किंवा विझला तर उतरू नये. मात्र डिझेल इंजिनाच्या धुरातील विषारी वायू कंदिलाने कळत नाही, म्हणून इंजिन विहिरीत किंवा काठाशी लावून आत माणूस सोडू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीत. आतील माणूस बेशुद्ध पडल्यास दुसऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये, दोराने ओढावे.

इतके करूनही थोडी वाळू येईलच. घरासाठी टाकीची बाहेर जाणारी नळी तळापासून एक फूट वर बसवावी आणि तळाशी धुण्याची तोटी ठेवावी. वाळू काही मिनिटांत खाली बसते, चिकणगाळाला मात्र रात्र लागते. ठिबकसाठी आधी वाळू वेगळी करणारा हायड्रोसायक्लॉन व नंतर १२० मेशची जाळीची गाळणी बसवावी. हायड्रोसायक्लॉन आपल्या प्रवाहाच्या मापाचाच घ्यावा, मोठा घेतल्यास पाणी आत फिरत नाही व वाळू तशीच पुढे जाते.

गाळणीचे काम झाल्यावर पहिले दोन दिवस पाणी झाडांना सोडावे. नंतर १,००० लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ संध्याकाळी विहिरीत टाकावी व पाणी सकाळी वापरावे. ३ मीटर व्यास व २ मीटर पाणी असलेल्या विहिरीस साधारण ३५ ग्रॅम पावडर लागते.